तलावाकाठचे जहाज

पुण्याजवळच्या खडकवासला तलावाच्या उत्तर काठावर एके काळी एक जहाज उभे होते. ते कधीच समुद्रात गेले नाही. त्याचे नाव एचएमएस अँगोस्तुरा. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जहाजातून किनाऱ्यावर कसे उतरायचे हे शिकवण्यासाठी उभारलेले ते नकली जहाज होते. समुद्र तिथून 80-90 किलोमीटर पश्चिमेला, सह्याद्रीच्या पलीकडे. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा शोधण्यात आली तेव्हा या जहाजाचा आणि शेजारच्या युद्धकालीन प्रशिक्षण केंद्राचा सांगाडा तसाच पडून होता. तिन्ही दलांच्या छात्रांना एकत्र शिकवायचे तर जमीन आणि पाणी दोन्ही हवे. खडकवासल्याची निवड होण्यात या सांगाड्याचाही थोडा वाटा होता.

अशा अवशेषांचा अभ्यास पुरातत्त्वाच्या एका तरुण शाखेत होतो. लढाई जिथे झाली ती रणभूमी हा तिचा एक भाग, आणि लढाईची रंगीत तालीम जिथे झाली ती सरावभूमी हा दुसरा. रणभूमीवर घडलेले एकदाच घडते आणि बहुधा दोन-चार दिवसांत आटोपते. सरावभूमीवर तेच ते वर्षानुवर्षे चालते: रोज नवी तुकडी, तेच खंदक, तेच लक्ष्य, तोच किनारा. म्हणून सरावभूमीवरचे अवशेष पुष्कळदा रणभूमीवरच्या अवशेषांपेक्षा दाट असतात. त्यांचा दुसरा विशेष असा की ते नकलेचे अवशेष आहेत. ज्या ठिकाणी युद्ध व्हायचे होते, त्या ठिकाणाची प्रतिकृती दुसरीकडे उभारलेली असते. कुठे शत्रूची भिंत, कुठे परका किनारा आणि खडकवासल्याला तर समुद्रच.

किनाऱ्यावर उतरण्याच्या या सरावाची गरज 1941-42 मधल्या पराभवांतून निर्माण झाली. 8 डिसेंबर 1941 रोजी मध्यरात्र उलटल्यावर जपानी फौज मलायाच्या पूर्व किनाऱ्यावर कोटा भारू येथे उतरली. पर्ल हार्बरवरचा हल्ला त्यानंतर सुमारे तासाभराने झाला. कोटा भारूच्या विमानतळाच्या रक्षणाला निजामाच्या संस्थानी फौजेची पहिली हैदराबाद इन्फन्ट्री होती. त्या काळी नांदेड हा हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता आणि लातूर त्याच संस्थानातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. म्हणजे जपानच्या या मोहिमेतल्या पहिल्याच किनारा-चढाईचा तडाखा समुद्र नसलेल्या संस्थानाच्या पलटणीलाही बसला. पुढच्या सहा महिन्यांत सिंगापूर पडले, ब्रह्मदेश गेला, अंदमानही गेले. परत जायचे तर डोंगर-जंगलातून चालत, नाहीतर समुद्रावरून. समुद्रमार्गाची तयारी हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरच करावी लागणार होती.

त्यासाठी पश्चिम किनारा सोयीचा होता. पूर्व किनारा जपानी आरमाराच्या आणि विमानांच्या टप्प्यात येत होता. 1942 च्या एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे बाँब पडलेच होते. मुंबईला गोदी होती, रेल्वे होती, पाठीशी पुणे-देवळाली-अहमदनगरच्या जुन्या छावण्या होत्या. अडचण एकच, पण मोठी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अरबी समुद्र खवळलेला असतो. कोकणातले कोळीसुद्धा त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या सपाट बुडाच्या नौका, म्हणजे लँडिंग क्राफ्ट, अशा लाटांत नेणे म्हणजे नवशिक्यांचे जीव घालवणे. शिवाय मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. पहिल्यांदाच होडीत बसणाऱ्या शिपायासाठी हे फार झाले.

तलावाचे पाणी मात्र शांत असते. खडकवासल्याचे दगडी धरण 1879 साली पूर्ण झाले होते. ज्या इंग्रज अभियंत्याने ते बांधले त्याच्या नावावरून जलाशयाला फाइफ लेक म्हणत. पुढे 1903 मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे सर्वप्रथम याच धरणावर बसवले. पाटबंधाऱ्याच्या इतिहासात ही मोठी गोष्ट आहे. लष्कराला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. त्यांना हवे होते लांबरुंद पाणी, उतरता काठ आणि जवळ रेल्वे. तिन्ही गोष्टी तिथे होत्या.

जमिनीवरच्या वास्तूला 'एचएमएस' म्हणणे वाचकाला विचित्र वाटेल, पण आरमाराची ती जुनी रीत आहे. आरमाराचा तळ जमिनीवर असला तरी त्याला जहाजाचेच नाव देतात आणि तिथला माणूस बाहेर पडला की 'किनाऱ्यावर गेला' असे म्हणतात. 15 फेब्रुवारी 1945 रोजी लोणावळ्याला घाटमाथ्यावर एचएमआयएस शिवाजी ही अभियांत्रिकी शाळा सुरू झाली. आजही ती आयएनएस शिवाजी आहे. सह्याद्रीवर 'शिवाजी' आणि तलावाकाठी 'अँगोस्तुरा' अशी आरमाराची दोन 'जहाजे' डोंगराळ मुलखात होती.

अशा नकली जहाजाचा उपयोग काय हे समजायला उतरण्याची कवायत जवळून पाहावी लागते. मोठे जहाज किनाऱ्यापासून काही मैलांवर थांबते. त्याच्या कुशीवरून जाड दोरांची जाळी खाली सोडतात. पाठीवर ओझे, खांद्याला बंदूक अशा अवस्थेत सैनिक त्या जाळीवरून खालच्या लहान नौकेत उतरतात. पहिला धडा हातांचा: जाळीचे उभे दोर धरायचे, आडवे नाहीत. आडव्या दोराला धरले की वरून उतरणाऱ्याचा बूट बोटांवर पडतो. दुसरा धडा पायांचा. नौका लाटेबरोबर वर-खाली होते, तेव्हा ती वर आलेली असताना पाऊल टाकायचे. खाली जाताना टाकले तर माणूस दोन-तीन मीटर कोसळतो, किंवा जहाज आणि नौका यांच्या मध्ये चिरडतो. हल्ल्याच्या लहान नौकेची लांबी साधारण साडेबारा मीटर, तीत 35 च्या आसपास माणसे बसतात, तीन रांगांत. नौका वाळूला टेकली की पुढचे झाकण पडते आणि ठरलेल्या क्रमाने आधी मधली रांग, मग बाजूच्या रांगा बाहेर धावतात. क्रम चुकला तर तोंडाशीच गर्दी होते, आणि किनाऱ्यावरच्या मशीनगनला नेमके तेच हवे असते.

हे सगळे आधी कोरड्या जमिनीवर शिकवतात, मग शांत पाण्यावर आणि शेवटी खऱ्या समुद्रात. जमिनीवरच्या टप्प्यासाठी जहाजाची भिंत लागते आणि नौकेच्या मापाची चौकट लागते, आणि मागे अवशेष ठेवून जातो तो हाच टप्पा. पाण्यावरच्या सरावाची खूण पाण्यावर राहत नाही.

समुद्रावरचा सराव मुंबईच्या उत्तरेला मढ-मार्वेच्या पट्ट्यात चाले. एरंगळ, आक्सा, मार्वे या पुळणी आणि मागे मालाडची खाडी. लँडिंग क्राफ्टच्या दलाचे 'हमला' हे नाव पुढे भारतीय नौदलाने कायम ठेवले. मार्वेचा आयएनएस हमला हा तळ आज नौदलाच्या रसद-पुरवठा शाखेचे शिक्षण देतो. याच पट्ट्याच्या दक्षिण टोकाला पोर्तुगिजांनी बांधलेला वेसावे-मढचा किल्ला आहे. 1739 साली मराठ्यांनी तो घेतला. आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे. खाडीच्या तोंडावर पहारा ठेवायची जागा चारशे वर्षांत फारशी हलली नाही. तोफा गेल्या आणि अँटेना आल्या, एवढेच.

पुळणीवर मात्र शोधायला फार थोडे सापडते. भरतीचे पाणी रोज दोनदा सगळे पुसते आणि पावसाळा वाळूचा उतारच बदलून टाकतो. आक्साच्या पाण्याखाली सरकती वाळू आणि ओढ आहे, हे तिथे दरवर्षी बुडणाऱ्या सहलकरांमुळे मुंबईकरांना ठाऊक आहे. किनाऱ्यावरचे सरावाचे अवशेष म्हणूनच बहुधा भरतीरेषेच्या वर मिळतात: काँक्रीटचे चौथरे, गाड्या चढवण्याचे उतार, टेहळणीच्या खोल्या, छावणीचे रस्ते. मढ-मार्वेच्या या पट्ट्यावर पुढे बंगले, चित्रीकरणाच्या जागा, हॉटेले आली. उरलेला भाग कुंपणाच्या आत गेला, आणि तो आत गेला हे अवशेषांच्या पथ्यावरच पडले.

पाहायला जास्त सोपी उदाहरणे इंग्लंडात आहेत. डेव्हन परगण्यातल्या ब्राँटन बरोज या वाळूच्या टेकड्यांत 1943 साली अमेरिकी फौजेने काँक्रीटच्या नौका बनवल्या. नौका म्हणजे फक्त तळ आणि ठेंगण्या भिंती, खऱ्या लँडिंग क्राफ्टच्या मापाच्या. त्यांत रणगाडे आणि ट्रक मागे घेत चढवायचे आणि पुन्हा पुढे उतरवायचे. गवतात अर्धवट बुडालेल्या त्या चौकटी आजही पाहता येतात. सरे परगण्यातल्या हँक्ली कॉमनवर कॅनेडियन सैनिकांनी जर्मन तटबंदीची नक्कल म्हणून काँक्रीटची जाड भिंत उभारली आणि सुरुंग लावून तिला भगदाडे पाडली. तिथूनही समुद्र दूर आहे. डॉर्सेटमधल्या स्टडलंड येथे काँक्रीटचा लांब टेहळणी-कोठा आहे. एप्रिल 1944 मध्ये तिथल्या खाडीत पाण्यावर तरंगू शकणाऱ्या रणगाड्यांचा सराव झाला. हवा बिघडली, काही रणगाडे बुडाले आणि सहा जवान मेले. ते रणगाडे अजून तळाशी आहेत आणि पाणबुडे त्यांचा नकाशा काढतात. 1995 ते 2002 या काळात ब्रिटनमध्ये सुमारे 600 स्वयंसेवकांनी विसाव्या शतकातल्या जवळजवळ 20,000 लष्करी जागांची नोंद केली. पदव्यांपेक्षा पायपीट कामाला आली.

नोंद करणारे नेमके काय पाहतात? काँक्रीट कोणालाही दिसते. मातीतल्या खुणा डोळ्याला सवय झाल्यावर दिसतात. एका माणसापुरता खोदलेला खंदक बुजला तरी तिथली माती भुसभुशीत राहते. पहिल्या पावसानंतर तिथे गवत आधी आणि दाट उगवते. खंदकांची रांग सरळ नसून दातेरी असेल तर ते शिकवून खोदून घेतलेले समजावे. सरळ खंदकात एका टोकाला पडलेला गोळा दुसऱ्या टोकापर्यंत माणसे मारतो, म्हणून तो मोडत मोडत खणतात. नेमबाजीच्या मैदानाच्या शेवटी मातीचा उंच बांध असतो. मराठी मुलखात त्याला चांदमारी म्हणतात, आणि बांध सपाट झाल्यावरही हे नाव वस्तीला चिकटून राहते. जुन्या छावण्यांच्या गावांत चांदमारी नावाचा भाग सापडला की मूळ मैदान कुठे होते ते कळते.

सगळ्यात बोलकी वस्तू म्हणजे काडतुसाची पुंगळी. त्या काळच्या .303 बंदुकीची पितळी पुंगळी सुमारे 56 मिलिमीटर लांब, बुडाला कडा असलेली. बूड पुसून भिंगाखाली धरले की त्यावर ठोकलेली अक्षरे वाचता येतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झालेली असेल तर इंग्रजी 'के' आणि 'एफ', त्यांच्यामध्ये सरकारी मालाचा बाण आणि वर्षाचे आकडे. हा कारखाना 1869 पासूनचा, खडकवासल्यापासून फार दूर नसलेला. बुडाच्या मधोमध घोड्याच्या पिनेचा खळगा असला की गोळी झाडली गेली होती. तोंड चुण्या घालून मिटवल्याची खूण दिसली तर ते गोळी नसलेले, फक्त आवाजाचे काडतूस. नुसत्या आवाजाच्या पुंगळ्या सापडल्या तर तिथे समोर माणसे होती. गोळीच्या सापडल्या तर समोर बांध होता. एका मुठीत मावणाऱ्या पितळेवरून एवढे कळते. या पुंगळ्या जागेवरून उचलल्या की निम्मी माहिती जाते, कारण त्या कुठे आणि कशा विखुरल्या होत्या यावरूनच कोण कुठे पडून नेम धरत होता ते समजते. न फुटलेल्या गोळ्याच्या तर वाटेलाही जाऊ नये. अहमदनगरजवळच्या खारे कर्जुनेच्या लष्करी मैदानावर भंगारासाठी गोळे वेचताना माणसे दगावली आहेत.

या सगळ्या तालमीचा उपयोग काय झाला? सरळ उत्तर निघत नाही. ब्रिटिश सेनेच्या दुसऱ्या डिव्हिजनने पश्चिम हिंदुस्थानात किनाऱ्यावर उतरण्याचे शिक्षण घेतले आणि 1944 च्या एप्रिलमध्ये तिला धाडले गेले कोहिमाच्या डोंगरावर. 1943 च्या अखेरीस कैरो आणि तेहरानच्या परिषदांनंतर लँडिंग क्राफ्ट युरोपकडे वळवल्या गेल्या आणि अंदमानवर उतरण्याचा बेत बारगळला. माउंटबॅटन स्वतः ब्रिटनमध्ये अशाच संयुक्त मोहिमांचे प्रमुख राहिलेले. आग्नेय आशियाचे सरसेनापती झाल्यावर त्यांच्याकडे शिकलेली माणसे होती आणि नौका नव्हत्या.

नौका आल्या 1945 च्या सुरुवातीला, ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यासाठी. जानेवारी 1945 मध्ये अक्याब, म्येबोन, रामरी आणि कांगॉ अशा ठिकाणी एकामागून एक फौजा उतरल्या. 22 जानेवारीला कांगॉला आधी उतरली ती तिसरी कमांडो ब्रिगेड. वर्षभरापूर्वी हिंदुस्थानात आल्यावर तिचा मुक्काम पुण्याजवळ केडगावला पडला होता. कांगॉचा किनारा म्हणजे पुळण नव्हतीच. खारफुटीतून गेलेले चिखलाचे नाले होते आणि नौका त्यांतून आत न्याव्या लागल्या. मागाहून आलेल्या 51 व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे सेनाधिकारी हिंदी होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. तिघांनाही या लढाईसाठी डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला.

थिमय्यांची पलटण होती 8/19 हैदराबाद. या नावामागे मराठवाड्याचा जुना धागा आहे. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी एकोणिसाव्या शतकात हिंगोली, जालना, औरंगाबाद आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, इथे राहत. त्यांच्याच खर्चापोटी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. 1903 मध्ये ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळली आणि 1922 मध्ये तिच्या पायदळ पलटणींची मिळून 19 वी हैदराबाद रेजिमेंट झाली. महायुद्धापर्यंत तिच्यातली भरती उत्तरेकडची, कुमाऊँची झाली होती आणि ऑक्टोबर 1945 मध्ये नावही कुमाऊँ रेजिमेंट पडले. नांदेडहून हिंगोली आणि लातूरहून अंबाजोगाई, दोन्ही दीड-दोन तासांच्या वाटेवर. या गावांतली छावणीच्या आखणीची सरळ रस्त्यांची वस्ती आणि जुनी गोरी कबरस्ताने हे त्याच प्रकारचे अवशेष आहेत, फक्त शंभर वर्षे आधीचे. तिथे शिकवली जात असे ती चौकोनात उभे राहून लढण्याची आणि घोड्यावरून भाला मारण्याची विद्या.

मराठवाड्यातल्या त्याहून अलीकडच्या तालमीचा तर मागमूसही जमिनीवर राहिला नाही. 1947-48 मध्ये संस्थानाच्या सीमेबाहेर, नांदेडला लागून असलेल्या उमरखेडसारख्या गावी, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या तरुणांच्या छावण्या होत्या. उदगीरजवळचे हत्तीबेट हेही सशस्त्र लढवय्यांच्या आसऱ्याचे ठिकाण होते. नावात बेट असले तरी भोवती पाणी नाही, माळ आहे. या लोकांनी काँक्रीट ओतले नाही, मैदान आखले नाही. गुपचूप केलेल्या तयारीत खूण ठेवणे हाच धोका असतो, त्यामुळे तिथे पुरातत्त्वाला फार काही करता येत नाही आणि गावातल्या आठवणीच जपाव्या लागतात.

महायुद्धातली शेवटची मोठी उतरण झाली ती जपानने शरणागती जाहीर केल्यानंतर. 9 सप्टेंबर 1945 रोजी मलायात मोरिबच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या. विरोध करायला कोणी नव्हते, तरी गाड्यांची चाके आणि रणगाड्यांचे पट्टे मऊ वाळू-चिखलात रुतून बसले. समोर शत्रू असता तर काय झाले असते याची चर्चा लष्करी इतिहासकार अजून करतात. शांत तलावावर आणि ओळखीच्या पुळणीवर कितीही सराव झाला तरी परक्या किनाऱ्याचा तळ तिथे शिकता येत नाही.

खडकवासल्याला 6 ऑक्टोबर 1949 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते प्रबोधिनीची कोनशिला बसली आणि जानेवारी 1955 मध्ये तिचे उद्घाटन झाले. छात्र आजही त्याच जलाशयात होड्या वल्हवायला आणि शिडे हाताळायला शिकतात. काठ मात्र तोच राहिला असे म्हणता येत नाही. 12 जुलै 1961 रोजी वरच्या अंगाचे पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले आणि तलाव काही तासांत रिकामा झाला. धरण पुन्हा बांधले गेले. अशा जलाशयाच्या कडेला सर्वेक्षण करायचे तर एप्रिल-मे हा हंगाम. पाणी उतरून काठाचा पट्टा उघडा पडतो. मांजरा किंवा जायकवाडीच्या पात्रात उन्हाळ्यात जुन्या वाड्या-देवळांचे पाये वर येताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. पण प्रबोधिनी काय किंवा हमला काय, दोन्ही लष्करी हद्दी आहेत. परवानगीशिवाय तिथे कोणालाही मोजपट्टी घेऊन जाता येत नाही.

कायद्याचीही अडचण आहे. 1958 च्या केंद्रीय अधिनियमात प्राचीन स्मारक ठरण्यासाठी वास्तू निदान शंभर वर्षांची असावी लागते. उदगीर, औसा आणि कंधारच्या किल्ल्यांना ही अट कधीच आड आली नाही. महायुद्धातल्या सरावाचे काँक्रीट त्या व्याख्येत बसायला 2043-44 उजाडावे लागेल.